कलावंताचा नकार

कलावंताने सत्तेच्या वाटेस जाऊ नये, असे शहाणपण सांगणाऱ्यांनी आर्तुरो तोस्कानिनी यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे. इटलीतील पार्मा येथे १८६७ साली एका शिंप्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८८६ मध्ये रिओ दि जानेरो येथे हा तरुण चेलोवादक ऐनवेळी वाद्यवृंदाच्या संचालनास उभा राहिला आणि ‘आयदा’ हा संपूर्ण ऑपेरा त्याने स्मरणातून पार पाडला. पुढे मिलानच्या ‘ला स्काला’ या विख्यात नाट्यगृहाची धुरा त्यांनी वाहिली.

१९१९ मध्ये मुसोलिनीच्या यादीतून त्यांनी निवडणूकही लढविली होती. परंतु भ्रम फिटताच ते त्याचे कट्टर विरोधक बनले. १९३१ मध्ये बोलोन्या येथे फॅसिस्टांचे पक्षगीत वाजविण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांना मारहाण झाली. १९३३ मध्ये हिटलरच्या निषेधार्थ त्यांनी बायरॉइट महोत्सव नाकारला. १९३६ मध्ये युरोपातून परागंदा झालेल्या ज्यू वादकांच्या नव्या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम त्यांनी तेल अवीव येथे विनामोबदला संचालित केला. युद्धात उद्ध्वस्त झालेले ‘ला स्काला’ १९४६ मध्ये पुन्हा उघडले, ते त्यांच्याच संचालनाने. १९५७ मध्ये न्यूयॉर्क येथे ते निवर्तले.

सुरांना पक्ष नसतो, हे खरे; परंतु ते कोणासाठी वाजवावयाचे, हा निर्णय कलावंतालाच करावा लागतो.