नाटकातले रोबोट माणसाच्या जिवावर उठले; ते न पटलेल्या जपानी प्रोफेसरने उत्तर म्हणून स्वतःच एक यंत्रमानव बनवला

गंगाखेड म्हटलं की आधी आठवतात संत जनाबाई. गोदाकाठच्या या गावात जन्मलेली ही मुलगी पंढरपूरला दामाशेटींच्या घरी दासी म्हणून राहिली. दळण, कांडण, शेणी थापणं, सगळी कामं तिच्या वाट्याला. पण परभणीपासून पंढरपूरपर्यंत लोकांच्या मनात घर करून बसलेली गोष्ट वेगळीच आहे. जनी दळायला बसली की विठ्ठल येऊन जात्याचा खुंटा धरायचा.

म्हणजे कष्ट वाटून घ्यायला कुणीतरी यावं, हे माणसाचं स्वप्न फार जुनं आहे.

विसाव्या शतकात हेच स्वप्न यंत्राच्या रूपात आलं. आणि आल्या आल्या त्याने जगाला घाबरवलं.

झालं असं की, १९२१ साली प्रागमध्ये कारेल चापेक या लेखकाचं 'आर. यू. आर.' हे नाटक रंगभूमीवर आलं. एका बेटावर कारखाना असतो आणि त्यात माणसासारखे दिसणारे कामगार तयार होतात. ते थकत नाहीत, पगार मागत नाहीत, तक्रार करत नाहीत. चापेकने त्यांना नाव दिलं 'रोबोट'. हा शब्द त्याला भाऊ योसेफने सुचवला होता आणि तो आला होता 'रोबोटा' या चेक शब्दावरून. रोबोटाचा अर्थ सक्तीची मजुरी. आपल्याकडे ज्याला वेठबिगारी म्हणतात, तेच.

नाटकात पुढे हे वेठबिगार बंड करतात आणि मानवजातच संपवतात.

हे नाटक बघता बघता जगभर पोहोचलं. १९२३ च्या महाभूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झालं होतं. त्यातून सावरत असलेल्या शहरात १९२४ साली त्सुकिजी नावाचं छोटं नाट्यगृह उभं राहिलं आणि त्याच वर्षी तिथे या नाटकाचा जपानी प्रयोग झाला. जपानी नाव होतं 'जिन्झो निंगेन', म्हणजे कृत्रिम माणूस. नव्या पिढीला या कल्पनेने वेड लावलं.

पण या नाटकाने एक माणूस पार अस्वस्थ झाला. त्याचं नाव माकोतो निशिमुरा.

आता हे निशिमुरा इंजिनिअर नव्हते, नाटकवालेही नव्हते. १८८३ साली जपानच्या डोंगराळ नागानो भागात त्यांचा जन्म झाला. आधी शिक्षक झाले, मांचुरियात जाऊन राहिले, मग अमेरिका गाठून कोलंबिया विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर होक्काइदोच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथल्या आकान तलावात 'मारिमो' नावाचं हिरव्या चेंडूसारखं गोल शेवाळ वाढतं, त्याचा त्यांनी अभ्यास केला.

थोडक्यात, हा माणूस सजीवांचा अभ्यासक. म्हणूनच नाटकातली गोष्ट त्यांना खटकली.

त्यांचं म्हणणं असं होतं की माणूस हे निसर्गाचं लेकरू. मग माणसाने घडवलेला कृत्रिम माणूस कोण? तर निसर्गाचं नातवंड. नातवंडाला कुणी वेठीला धरत नाही. ज्याला फक्त राबवण्यासाठी जन्माला घातलं, तो एक दिवस उलटणारच. त्यांच्या मते चूक यंत्राची नव्हतीच, ती बनवणाऱ्याच्या हेतूत होती.

एखाद्या प्रेक्षकाने नाटक आवडलं नाही म्हणून लेख लिहिला असता. निशिमुरांनी थेट यंत्रमानवच बनवायला घेतला.

तोवर ते विद्यापीठ सोडून ओसाकाच्या 'मैनिची' वृत्तपत्रात दाखल झाले होते. १९२८ साली सम्राट हिरोहितो यांच्या राज्यारोहणानिमित्त क्योटोमध्ये मोठं प्रदर्शन भरलं आणि तिथे लोकांनी पहिल्यांदा निशिमुरांचा यंत्रमानव पाहिला. नाव होतं 'गाकुतेन्सोकु'. अर्थ, निसर्गाच्या नियमांपासून शिकणारा.

तीन मीटरच्या वर उंची, सोनेरी अंग आणि मेजामागे बसलेली भव्य आकृती. एका हातात बाणाच्या आकाराची लेखणी, दुसऱ्या हातात दिवा. डोक्यावरच्या बाजूला एक यांत्रिक पक्षी. पक्षी ओरडला की गाकुतेन्सोकु डोळे मिटून विचारात पडायचा. हातातला दिवा उजळला की त्याला काहीतरी सुचलं असं समजायचं आणि मग तो लिहायला लागायचा. मध्येच गालात हसायचा. चेहरा कोणत्याही एका देशाचा वाटू नये म्हणून त्यात वेगवेगळ्या वंशांची ठेवण मिसळलेली होती.

हे सगळं चालायचं कसं? तर हवेवर. दाबाखालची हवा रबरी नळ्यांमधून आत खेळवलेली असायची. एक दंडगोल फिरायचा आणि त्यावरच्या खुंट्या ठरवायच्या की हवा कधी कुठे जाईल. हवा आत आली की गाल फुगायचा, मान वळायची, हात हलायचा. कडक लोखंडी दांड्यांपेक्षा हवेने येणारी हालचाल मऊ असते, शरीरासारखी असते. सजीवांच्या अभ्यासकाला नेमकं हेच हवं होतं.

आता गंमत बघा. त्याच १९२८ च्या सप्टेंबरमध्ये लंडनमध्ये 'एरिक' नावाचा रोबोट लोकांसमोर आला. तो चिलखत घातलेल्या सैनिकासारखा दिसायचा आणि त्याच्या छातीवर इंग्रजीत 'आर. यू. आर.' अशी अक्षरं कोरलेली होती. एकाच नाटकाची दोन उत्तरं. लंडनच्या रोबोटने नाटकाचं नाव छातीवर मिरवलं, जपानच्या रोबोटने नाटकाशी वाद घातला.

गाकुतेन्सोकु कुणाचं काही काम करत नव्हता. ओझं उचलत नव्हता, दळण दळत नव्हता. तो फक्त विचार करायचा, हसायचा आणि लिहायचा. लोकांनी मात्र त्याला बघायला गर्दी केली. पुढे तो इतर शहरांत फिरला, तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या कोरियातही गेला. नंतर जर्मनीला गेला आणि तिथे हरवला असं सांगितलं जातं. मूळ यंत्र परत कधीच सापडलं नाही.

तोवर जपान युद्धाच्या वाटेला लागला होता. १९३२ मध्ये जपानी सैन्याने शांघायवर बॉम्ब टाकले. वैद्यकीय मदत पथकासोबत तिथे गेलेल्या निशिमुरांना ढिगाऱ्यात एक उपाशी कबुतर सापडलं. ते त्यांनी जपानला आणलं आणि इथल्या कबुतरांसोबत वाढवलं. त्याला पिल्लू झालं की ते मैत्रीची खूण म्हणून शांघायला पाठवायचं, असं त्यांच्या मनात होतं. पण कबुतर मेलं. त्याला पुरून वर दगड उभारला गेला. निशिमुरांनी ही हकिगत चिनी लेखक लू शुन यांना कळवली आणि १९३३ मध्ये लू शुन यांनी त्यावर कविता लिहिली. दोन देश एकमेकांचे वैरी होत असताना दोन माणसं एका कबुतरासाठी हळहळत होती.

पुढे युद्धात अनाथ झालेल्या चिनी मुलांसाठीही निशिमुरांनी काम केलं. १९५६ मध्ये त्यांचं निधन झालं.

नंतर त्यांचं नाव परत वर आलं. १९८८ च्या एका जपानी सिनेमात निशिमुरांची भूमिका केली ती त्यांच्याच मुलाने, प्रसिद्ध अभिनेते को निशिमुरा यांनी. एका लघुग्रहाला गाकुतेन्सोकुचं नाव मिळालं. २००८ मध्ये ओसाकाच्या विज्ञान संग्रहालयाने त्याची चालती प्रतिकृती उभी केली. तीही हवेवरच चालते, फक्त खुंट्यांच्या जागी आता कॉम्प्युटर आहे.

आज एआय आपली नोकरी खाणार का, आपल्यावर उलटणार का, यावर रोज चर्चा झडतात. ही भीती शंभर वर्षांपूर्वीच्या त्या नाटकातलीच आहे. निशिमुरांचा प्रश्न मात्र कुणी फारसं विचारत नाही. आपण यंत्र बनवतोय ते वेठीला धरायला, की जनीच्या जात्यापाशी येऊन बसलेल्या त्या सोबत्यासारखं सोबतीला?