कृषिशास्त्रज्ञ डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

डॉ. कार्व्हर हे नाव आपल्या वस्तीतल्या वाचणाऱ्या मुलामुलींना नवीन नाही. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकाने ते मराठी घरांत पोचवले. पण भुईमुगाच्या शेंगेपासून नाना वस्तू करणारा शास्त्रज्ञ एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहते. हा माणूस शिकला कसा, त्याच्या शिक्षणाला पैसा कोठून आला, हे फारसे कोणी विचारत नाही. आणि आपल्याला तर तेच आधी विचारले पाहिजे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, तेव्हा हा जॉर्ज आठ-नऊ वर्षांचा पोर होता. १८६४ च्या सुमारास मिसुरी राज्यातील डायमंड या खेड्याजवळ, मोझेस कार्व्हर यांच्या शेतावर त्याचा जन्म झाला. नेमकी तारीख कोणी लिहून ठेवली नाही. गुलामाच्या पोराची जन्मतारीख कोण लिहिणार? आई मेरी ही मोझेसने विकत घेतलेली गुलाम. दरोडेखोरांनी तिला तान्ह्या जॉर्जसह पळवले. मोझेसने माणूस पाठवला, तर फक्त पोर सापडले. त्याच्या बदल्यात एक घोडा द्यावा लागला असे सांगतात. आई पुन्हा कधीच दिसली नाही. मोझेस आणि सुसान या गोऱ्या नवराबायकोनेच जॉर्जला वाढवले. तब्येतीने अगदी किडकिडीत, म्हणून शेतीच्या जड कामाऐवजी स्वयंपाक, धुणे, विणकाम शिकला. हीच घरकामे पुढे त्याच्या फीला उपयोगी पडली.

गावच्या शाळेत काळ्या मुलाला प्रवेश नव्हता. म्हणून तो काही मैल चालत निओशो गावी गेला. तिथे मरायाह वॉटकिन्स या काळ्या सुईणीने त्याला घरात ठेवून घेतले. पुढे कॅन्सस राज्यात गावोगाव फिरत, लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून तो शिकत राहिला. १८७९ साली फोर्ट स्कॉट गावात जमावाने एका काळ्या माणसाला ठार मारलेले त्याने डोळ्यांनी पाहिले आणि ते गाव सोडले.

मग हायलँड कॉलेजची गोष्ट. अर्ज टपालाने पाठवला, प्रवेश मिळाल्याचे पत्र टपालाने आले. पोरगा आनंदाने जाऊन उभा राहिला, आणि कातडीचा रंग बघून त्याला दारातूनच परत पाठवले. कागदावर हुशार असलेला मुलगा समोर आल्यावर नालायक ठरला! हा अनुभव काय असतो हे आपल्या वडीलधाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

काही वर्षे त्याने शिक्षणाचे नाव टाकले, माळरानावर मातीच्या विटांचे घर बांधून शेती केली. अखेर १८९० साली आयोवा राज्यातल्या सिम्पसन कॉलेजने त्याला घेतले. इथेही कपडे धुण्याचेच काम करून तो राहिला. शिकत होता चित्रकला! त्याच्या शिक्षिका एटा बड यांनी त्याची झाडापानांची जाण ओळखली आणि एम्स येथील शेतकी कॉलेजात जायला सांगितले. त्यांचे वडील तिथेच प्राध्यापक होते. १८९१ साली त्या कॉलेजातला तो पहिला काळा विद्यार्थी झाला. सुरुवातीला इतरांबरोबर जेवायलासुद्धा बसू दिले नाही. तरी १८९४ ला पदवी, १८९६ ला पदव्युत्तर पदवी घेतली आणि त्याच कॉलेजात शिकवलेही.

१८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी अलाबामातील टस्कीगी या काळ्यांच्या संस्थेत बोलावले आणि कार्व्हर गेले. तिथे प्रयोगशाळा नव्हती. विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी भंगारातल्या बाटल्या, डबे, तारा गोळा केल्या आणि त्यांतून उपकरणे केली. आजूबाजूचा काळा शेतकरी बटईने दुसऱ्याची जमीन कसायचा, वर्षाच्या शेवटी कर्जातच असायचा. दरवर्षी कापूस लावून माती मेलेली. कार्व्हर यांनी चवळी, भुईमूग, रताळी लावायला सांगितली. शेंगवर्गातल्या पिकांच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला फुकटात नत्र मिळते, शिवाय घरात खायला होते. १९०६ पासून एक घोडागाडीच अवजारे-बियाणे घेऊन खेड्यात जाऊ लागली. त्यांचा विद्यार्थी थॉमस कॅम्पबेल ती चालवायचा. १९१६ ची भुईमुगावरची त्यांची पुस्तिका साध्या बायामाणसांना कळेल अशी आहे. (पीनट बटर त्यांनी शोधले असे आपल्याकडे सांगतात, ते बरोबर नाही.)

शेती शिकायला कॉलेज कशाला, हा प्रश्न त्या मुलांच्या आईबापांनाही पडत असे. ज्या मातीत गुलामी केली तीच पुन्हा पुस्तकात? आपल्यातही हे बोलणे ऐकू येते. पण दुसऱ्याच्या शेतात राबणे आणि शेतीचे शास्त्र हातात असणे यात फार अंतर आहे हो.

कार्व्हर श्रद्धाळू ख्रिस्ती होते. हक्कांच्या लढ्यात ते उघडपणे उतरले नाहीत, आणि बाबासाहेबांच्या मार्गावरून चालणाऱ्याला ही उणीव जाणवतेच. परंतु दान म्हणजे काय हे या माणसाकडून बघावे. पगारवाढ मागितली नाही, लग्न केले नाही, जुना कोट वापरला. १९४० साली आपल्या नावाचे संशोधन प्रतिष्ठान काढले आणि सुमारे ६० हजार डॉलरची आयुष्याची शिल्लक टप्प्याटप्प्याने त्यातच घातली. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगी येथे ते गेले.

१८९० च्या अमेरिकन कायद्याने, ज्या राज्याच्या शेतकी कॉलेजात काळ्यांना बंदी होती, त्या राज्याला त्यांच्यासाठी वेगळे कॉलेज काढणे भाग पडले. त्या मालिकेत आज टस्कीगी धरून १९ विद्यापीठे आहेत. तिथे शेती, अन्नशास्त्र वगैरे शिकणाऱ्या मुलांसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९२ साली शिष्यवृत्ती सुरू केली. फी, पुस्तके, राहणे-जेवण सगळे त्यात येते. अट एवढीच की जितकी वर्षे शिष्यवृत्ती घेतली तितकी वर्षे खात्यात नोकरी करायची. १९१३ साली बडोद्याच्या महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेला पाठवले तेव्हाही दहा वर्षे नोकरीचा करार होता, त्याची आठवण होते.

२०२५ च्या फेब्रुवारीत ही शिष्यवृत्ती एकाएकी थांबवली गेली. तिकडे मोठी ओरड झाली आणि त्याच महिन्यात ती पुन्हा चालू करण्यात आली.