लाव्हाझिएचा तराजू

भले मोठे लाकूड जळाले तरी मागे मूठभर राख उरते. मग बाकीचे लाकूड गेले कोठे? जळताना वस्तूतून फ्लॉजिस्टन नावाचे द्रव्य निघून जाते, अशी अठराव्या शतकात युरोपातील रसायनशास्त्रज्ञांची समजूत होती. परंतु धातू तापविल्यावर त्याचे भस्म मूळ धातूहून जड का भरते, हे कोडे मात्र सुटत नव्हते. ते आंत्वान लाव्हाझिए याने सोडविले.

लाव्हाझिएचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिस येथे झाला. वडील वकील होते. म्हणून तोही कायदा शिकला. मन मात्र शास्त्रात रमले. १७६८ साली तो विज्ञान अकादमीचा सभासद झाला. त्याच वर्षी राजासाठी कर वसूल करणाऱ्या मक्तेदारांच्या मंडळीत तो शिरला. त्या मिळकतीतून त्याने अतिशय सूक्ष्म तराजू करवून घेतले. पत्नी मारी त्याच्यासाठी इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे करी व उपकरणांची चित्रे काढी.

एकदा त्याने कोंडलेल्या हवेत पारा बारा दिवस तापविला. पाऱ्यावर तांबडी भुकटी जमली. ती ४५ ग्रेन भरली. भुकटी अधिक तापविताच साडेएकेचाळीस ग्रेन पारा परत मिळाला आणि एक वायू बाहेर पडला. लाव्हाझिएने तो वायूही साठवून घेतला. उणे पडलेले साडेतीन ग्रेन त्याचेच होते! पाऱ्याने हवेतून घेतलेला हा प्राणवायू, म्हणजेच ऑक्सिजन होय. लाकडातूनही धुराबरोबर वायू निघून जातात; म्हणून राख थोडी दिसते.

रासायनिक क्रियेत वस्तुमान नाहीसे होत नाही व नवे निर्माणही होत नाही, हा नियम त्याने १७८९ च्या आपल्या ग्रंथात मांडला. क्रियेचा जमाखर्च त्यामुळे आधीच मांडता येऊ लागला. १ ग्रॅम हायड्रोजन ८ ग्रॅम ऑक्सिजनशी संयोग पावला की ९ ग्रॅम पाणी होते. ९० ग्रॅम पाणी हवे असल्यास १० ग्रॅम हायड्रोजन व ८० ग्रॅम ऑक्सिजन घ्यावा. हायड्रोजन दुप्पट घेतला तरी पाणी वाढत नाही. जादा हायड्रोजन तसाच उरतो.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. करांनी गांजलेल्या जनतेचा मक्तेदारांवर रोष होता. ८ मे १७९४ रोजी इतर मक्तेदारांबरोबर लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. तेव्हा तो पन्नास वर्षांचा होता. त्याचे सासरेही त्याच दिवशी मारले गेले. मारीने मात्र धीर सोडला नाही. पतीचे अपुरे राहिलेले लेखन तिने प्रसिद्ध केले.

आजही प्रयोगापूर्वी कोणता पदार्थ किती घ्यावा, याचा हिशेब रसायनशास्त्रज्ञ प्रथम कागदावर मांडतो. त्या हिशेबाच्या मुळाशी लाव्हाझिएचा तराजू आहे.