श्रीगुरूंनी आधी ताट वाढायला सांगितलं

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



घरात कुणी अंथरुणाला खिळलं की एक माणूस त्याच्या सेवेत असं बुडून जातं की स्वतःच्या ताटाकडे त्याचं लक्ष राहत नाही. बहुतेक वेळा ती घरातली सून किंवा लेक असते. आपल्या गटातही अशी घरं आहेत, नावं घेत नाही. म्हणून या वेळी श्रीनृसिंहसरस्वती महाराजांचं चरित्र त्या बाजूनं बघू या.

महाराजांचा जन्म वऱ्हाडातल्या कारंज्याचा, १३७८च्या सुमाराचा. माधव आणि अंबा हे आईवडील, मुलाचं नाव नरहरी. मुंजीपर्यंत तोंडातून शब्द नाही आणि मुंजीत एकदम वेद! लगेच घर सोडायचं ठरलं. पण आई रडू लागली तेव्हा ते वर्षभर थांबले. जुळे भाऊ झाले, आईचे हात भरले, मगच निघाले. काशीला कृष्णसरस्वतींकडून संन्यास घेतला आणि तीस वर्षांनी आईवडिलांना भेटायला पुन्हा कारंज्याला आले.

तिथून गोदावरीकाठी बासरला आले, तेव्हाची गोष्ट. पोटशूळानं त्रासलेला एक ब्राह्मण पोटाला दगड बांधून नदीत जीव द्यायला निघाला होता. अन्न खाल्लं की कळा, म्हणून त्यानं खाणंच सोडलेलं. महाराजांनी त्याला मागे बोलावलं आणि औषध काय सांगितलं, तर पोटभर पक्वान्नाचं जेवण! (यावरून पोटदुखीवर वडे-पुरणपोळी खावी असं कुणी काढू नये, डॉक्टरकडे जावं. ती गुरुकृपा होती.) जेवण घालायचं काम आलं सायंदेवांवर. हे आपल्या आळंद तालुक्यातल्या कडगंचीचे, तिकडे नोकरीला होते. पाहुणा आपल्या घरी जेवून मेला तर काय, ही त्यांना भीती. त्याहून मोठी भीती त्यांनी अजून बोलूनच दाखवली नव्हती. त्यांचा वरिष्ठ अधिकारी क्रूर होता, त्यानं बोलावणं धाडलं होतं आणि आपण जिवंत परत येत नाही असं ते धरून बसले होते. तरी त्यांनी वाढलं, आणि नंतर मनातलं सगळं श्रीगुरूंना सांगितलं. महाराजांनी त्यांना जायला सांगितलं, आणि ते परत येईपर्यंत आपण तिथंच थांबू असा शब्द दिला. सायंदेव मानाची वस्त्रं घेऊन परतले. आम्हाला वाटतं, त्यांना खरा आधार झाला तो त्या थांबण्याचा.

पुढे औदुंबर, मग नरसोबाची वाडी बारा वर्षं, आणि शेवटी आपलं गाणगापूर. इथं माणसांची रीघ लागली. तरी महाराजांचा नेम मोडला नाही: सकाळी भीमा-अमरजा संगमावर स्नान-अनुष्ठान, दुपारी गावातल्या मठात. संगम गावापासून दोन-तीन किलोमीटर. लोक वाट बघत असत, पण संगमावरचा वेळ संगमावरचाच.

पारायणात ज्या ठिकाणी बायकांचे डोळे भरून येतात, ती माहूरच्या सावित्रीची कथा याच काळातली. नवऱ्याला क्षय. तो जितके घास खाई तितकेच ती खाई, त्याचंच औषध आपणही घेई, चांगलं नेसणं सोडून चिरगुटं नेसे. माहेरची-सासरची माणसं समजावून थकली. डोलीतून त्याला गाणगापूरला आणलं आणि गावाच्या वेशीवरच तो गेला.

तिच्या उपासाचं कौतुक करतच आपण मोठे झालो. पण ती आक्रोश करत होती तेव्हा काय घडलं ते नीट वाचावं. महाराज योग्याच्या वेषात स्वतः तिच्यापाशी आले आणि कितीतरी वेळ तिच्याशी बोलत बसले. त्या काळचा स्त्रीधर्म तिला सांगितला, त्यातलं पुष्कळसं आज कुणी पाळू नये. पण प्रेताकडे न बघता आधी तिच्याकडे बघितलं, ते आम्हाला फार मोठं वाटतं. नवरा उठला तो नंतर.

शेवटी बिदरच्या बादशहाच्या मांडीवरचा फोड बरा झाला. तो महाराजांना मानानं बिदरला घेऊन गेला, आणि कीर्ती आणखीच पसरली. आता गर्दी आवरणार नाही हे ओळखून महाराजांनी श्रीशैलाची वाट धरली. भक्तांना मात्र गाणगापुरात गुप्तपणे राहण्याचं वचन दिलं. म्हणून आजही तिथं दुपारी माधुकरी मागतात. घरी रोज दहा जणांना वाढणारी बाईसुद्धा त्या दिवशी झोळी पुढे करते आणि दुसऱ्याच्या हातची भाकरी खाते.

येत्या गुरुवारी आरतीला ज्यांना घरच्या रुग्णामुळे येता येत नाही, त्यांनी बुधवारपर्यंत गटात नुसतं घर आणि वेळ कळवावी. आपल्यापैकी दोघं जण येऊन रुग्णापाशी बसतील. आरतीला यायचं नसेल तर तेवढा वेळ झोपलात तरी चालेल.