घर ओतू पाहणारा एडिसन

एडिसन म्हटले की विजेचा दिवा डोळ्यांपुढे येतो. प्राथमिक शाळेत गुरुजींनी सांगितलेली त्याची गोष्टही दिव्यापाशीच संपली होती. पुढे अकरावीत असताना एका पुस्तकात वाचले की या माणसाने घरे ओतण्याचाही खटाटोप केला होता, आणि मी चमकलो. ओतणे हा आमच्या घरातला शब्द. आमचे आबा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डर आहेत. पॅटर्न, कोअर, बॉक्स, लॅडल हे शब्द मी मुळाक्षरांच्या बरोबरीने शिकलो. लोखंड ओततात हे ठाऊक होते, पण अख्खे घर ओतायचे म्हणजे काय? त्या कुतूहलापोटी जे वाचले ते इथे मांडतो.

थॉमस अल्वा एडिसनचा जन्म 11 फेब्रुवारी 1847 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या मिलान या गावी झाला. शाळा त्याला जेमतेम काही महिने लाभली. आई पूर्वी शिक्षिका होती, तिनेच त्याला घरी शिकवले. बाराव्या वर्षी तो आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. कानांनी ऐकू कमी येत असे, तरी तारायंत्रावर त्याने वर्षानुवर्षे नोकरी केली. 1876 मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, 1877 मध्ये फोनोग्राफ, 1879 मध्ये दिवा, 1882 मध्ये न्यूयॉर्कचे वीजकेंद्र, आणि एकट्या अमेरिकेत 1093 पेटंटे! हे सारे पाठ्यपुस्तकात आहे, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही.

माझे मन गुंतले ते त्याच्या एका मोठ्या अपयशात. 1890 नंतरची जवळजवळ दहा वर्षे एडिसनने न्यू जर्सीतल्या ऑग्डेन येथील डोंगरात घालवली. हलक्या प्रतीचा दगड प्रचंड रोलरांखाली भरडायचा, त्याची भुकटी मोठमोठ्या लोहचुंबकांसमोरून सोडायची आणि लोखंडाचे कण वेगळे काढायचे, असा तो कारखाना होता. विजेच्या कंपनीतले शेअर विकून आलेला पैसा त्याने त्यात ओतला. तेवढ्यात मिनेसोटातल्या मेसाबी भागात उत्तम प्रतीचे खनिज विपुल सापडले, बाजारभाव कोसळला आणि एडिसनचे सगळे गणित बुडाले. दुसरा कोणी असता तर हाय खाऊन बसला असता. एडिसनने मात्र हिशेब केला की आपल्याजवळ दगड भरडण्याची यंत्रे आहेत, त्यांची विद्या आहे, आणि आपल्या कारखान्यातून उरलेली वाळू सिमेंटवाले विकत घेतच होते. मग आपणच सिमेंट का करू नये? 1899 मध्ये एडिसन पोर्टलँड सिमेंट कंपनी निघाली. त्या काळी सिमेंट भाजण्याच्या फिरत्या भट्ट्या साठ-ऐंशी फूट लांबीच्या असत. एडिसनने दीडशे फुटांची भट्टी उभारली. पुढे 1923 साली न्यूयॉर्कचे यँकी स्टेडियम बांधले गेले, त्यात याच कंपनीचे सिमेंट होते.

सिमेंट भरपूर झाले, आता ते खपवायचे कुठे? हा व्यापाऱ्याचा प्रश्न झाला. पण एडिसनच्या डोक्यात त्याबरोबर न्यूयॉर्कच्या गलिच्छ चाळींत कोंबलेली कामगार कुटुंबेही होती, असे मला वाटते. 1906 मध्ये त्याने जाहीर केले की दुमजली घर एका दमात ओतून काढता येईल आणि ते सुमारे 1200 डॉलरमध्ये पडेल. त्या वेळच्या साध्या घराच्या मानाने ही किंमत फारच कमी होती. या पद्धतीवर आपण मानधन घेणार नाही, असेही त्याने सांगून टाकले. 1908 मध्ये पेटंटासाठी अर्ज केला, ते 1917 मध्ये मिळाले.

पद्धत अशी. बिडाचे साचे जोडून घराचा आतला आणि बाहेरचा आकार उभा करायचा. दोहोंमधली पोकळी म्हणजे भिंत. जिना, न्हाणीघरातला टब, भिंतीवरची नक्षी, सारे त्यातच. मिक्सरमधले काँक्रीट वर चढवून छपरावरच्या टाकीत न्यायचे, तिथून ते नळांनी खाली उतरून साचा भरत जाई. काही तासांत ओतकाम पुरे आणि थोड्या दिवसांनी साचे सोडवले की घर उभे! यात मोठी अडचण होती. काँक्रीट पातळ केले तर खडी तळाशी बसते, घट्ट केले तर कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. एडिसनने मिश्रणात चिकणमातीसारखा बारीक पदार्थ घालून खडी तरंगत ठेवण्याची युक्ती काढली. आमच्याकडे लोखंड थंड पडले की कास्टिंगचा कोपरा अर्धवट राहतो आणि माल बाद होतो. दुखणे तेच, कारण मात्र वेगळे.

त्याचा उत्साह तर असा की 1911 मध्ये त्याने काँक्रीटचे फर्निचर करायचे ठरवले. फोनोग्राफचे कपाट, पियानोची पेटीसुद्धा! इथे मात्र मला त्याचे हसू येते. घर हलवायचे नसते, कपाट हलवावे लागते.

1917 मध्ये घड्याळांचे कारखानदार चार्ल्स इंगरसोल यांनी न्यू जर्सीतल्या युनियन या गावी अशी अकरा घरे बांधली. त्यानंतर मात्र ही कल्पना पुढे सरकली नाही. लोक सांगतात की ही घरे गरिबांसाठी म्हणून इतकी गाजवली गेली, की त्यांत राहायला जाणे म्हणजे आपली गरिबी कबूल करणे, असे लोकांना वाटू लागले. यात तथ्य असेल. शिरोलीत आम्ही दोन भाड्याच्या खोल्यांत राहतो. आम्हालाही घर हवे आहे, पण त्यावर गरिबांसाठी अशी पाटी असलेली आईला आवडणार नाही.

परंतु मला खरे कारण दुसरे वाटते, आणि ते मला फौंड्रीने शिकवले. एका घराच्या साच्याचे दोन हजारांवर तुकडे होत. पहिले घर ओतण्याआधीच ठेकेदाराला सुमारे पावणेदोन लाख डॉलरची सामग्री घ्यावी लागे. पॅटर्न महाग असला तरी चालतो, पण नग हजारो निघाले पाहिजेत. दहा नगांसाठी कोणी महागडा पॅटर्न करीत नाही. एडिसन एका घराची किंमत सांगत राहिला. ती किंमत येण्याआधी त्याच साच्यातून ओळीने शेकडो घरे ओतावी लागणार, त्यासाठी तेवढी जमीन आणि तेवढे गिऱ्हाईक एके ठिकाणी लागणार, याचा बंदोबस्त त्याने केला नाही. 18 ऑक्टोबर 1931 रोजी तो वारला तेव्हा हा प्रयोग जवळपास विस्मृतीत गेला होता.

आज पुण्या-मुंबईच्या उंच इमारतींत ॲल्युमिनियमचे शटरिंग लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. तोच संच शंभराहून अधिक वेळा वापरता येतो, कारण मजल्यावर मजला तोच असतो. वाईजवळच्या पसरणी गावचे बी. जी. शिर्के यांनी वेगळा मार्ग धरला. खांब आणि तुळया कारखान्यात करून जागेवर जोडायच्या, आणि वर हलक्या सिपोरेक्सच्या फळ्या टाकायच्या. बंगळूरला 2023 मध्ये यंत्राने काँक्रीटचे थर छापत एक टपाल कार्यालय उभे केले, तेही सुमारे दीड महिन्यात. एडिसनचे बिडाचे साचे मात्र पुन्हा कोणी केले नाहीत.

युनियनमधली बहुतेक घरे अजून उभी आहेत आणि त्यांत माणसे राहतात. एडिसनच्या पेटंटातले चित्र मी कॉलेजच्या ग्रंथालयातून छापून घरी नेले. आबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिले. छपरावरच्या टाकीपासून खाली बोट फिरवीत नेले, जिन्यापाशी थांबले, आणि मला विचारले की एवढा साचा भरताना आतली हवा बाहेर जायला वाट कुठे ठेवली आहे. मी कागद पुन्हा हातात घेऊन ती वाट शोधू लागलो.