गुरांच्या डॉक्टरांनी हवेवर उभी केलेली चाकं

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या दिसू लागतात. पूर्वी बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची. आता ऊस वाहणाऱ्या गाड्यांना रबरी टायर असतात, आणि काही गावांत अशा गाडीला अजूनही ‘डनलॉप गाडी’ म्हणतात. डनलॉप हे कंपनीचं नाव आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या नावाचा माणूस गुरांचा आणि घोड्यांचा डॉक्टर होता, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

त्यांची आठवण निघायला कारण वेगळंच आहे. दोनशे किलोच्या आसपास वजनाच्या, डोंगर-दगडांतून जाणाऱ्या ‘ॲडव्हेंचर’ मोटरसायकली आता सोलापुरातही बऱ्याच दिसतात. पहिला टायर झिजला की प्रत्येक मालकापुढे एकच प्रश्न येतो: टिकेलही आणि खिशालाही परवडेल, असा टायर कोणता? दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरं. टायर म्हणजे मुळात काय, हे कळलं तर या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. ते समजून घ्यायला डनलॉप यांच्या आयुष्याइतकी सोपी वाट नाही.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न या गावी, शेतकरी कुटुंबात झाला. आपण दोन महिने आधीच जन्मलो, असं त्यांना लहानपणी सांगण्यात आलं होतं. म्हणून ते आयुष्यभर स्वतःच्या तब्येतीला फार जपत. (गंमत म्हणजे ऐंशी वर्षांत त्यांना मोठं आजारपण असं आलंच नाही.) एडिंबरोला पशुवैद्यकाचं शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षं तिथंच काम केलं. १८६७ मध्ये ते समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्ट शहरात त्यांचा दवाखाना चांगला मोठा झाला. सारी वाहतूक घोड्यांवर चालण्याचे ते दिवस. अशा शहरात घोड्यांच्या डॉक्टरला कामाची ददात नव्हती.

१८८७ साली डनलॉप सत्तेचाळीस वर्षांचे होते आणि मुलगा जॉनी नऊ वर्षांचा. जॉनीला व्यायाम म्हणून तीनचाकी सायकल चालवायला सांगितलं होतं ते घरी येणाऱ्या स्नेही डॉक्टरांनी, जॉन फॅगन यांनी. पण त्या काळी सायकलच्या चाकावर भरीव रबराची पट्टी असे आणि बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे, मधून ट्रामचे रूळ गेलेले. सायकल चालवून पोराचं अंग खिळखिळं होई. औषध बरोबर होतं, पण ते घ्यायचं साधन चुकीचं होतं.

डनलॉप यांनी केलेला उपाय साधाच होता. त्यांनी लाकडाची एक गोल चकती घेतली. पातळ रबराची नळी करून ती तिच्या कडेभोवती बसवली, वरून कापडाचं आवरण घालून ते चुकांनी ठोकलं आणि फुटबॉल फुगवायच्या पंपाने नळीत हवा भरली. मग अंगणात जॉनीच्या सायकलचं भरीव रबराचं चाक आणि ही चकती, दोन्ही ढकलून पाहिली. जुनं चाक अंगणही न ओलांडता आडवं झालं. चकती पलीकडच्या फाटकाच्या खांबाला आपटून मागे उसळली.

ते कापड इथे महत्त्वाचं आहे. चादरी-टॉवेलांच्या गावातल्या वाचकाला ते वेगळं समजावून सांगायला नको. रबराला ताण दिला की ते फुगतच जातं, त्याला आकार राहत नाही. हवेचा दाब आवरून धरतो तो धागा. आजच्या टायरमध्येही वरचं काळं रबर फक्त झिजण्यासाठी आणि रस्ता पकडण्यासाठी असतं. भार पेलते ती आतली हवा, आणि त्या हवेला बांधून ठेवतात नायलॉन, पॉलिस्टर किंवा पोलादाचे धागे. सुरुवातीच्या टायरमध्ये उभ्या-आडव्या विणीचं कापड वापरत. चाक फिरताना ते वाकायचं आणि एकमेकांवरून गेलेले धागे एकमेकांनाच कापायचे. म्हणून पुढे धागे न विणता, शेजारी शेजारी रबरात बसवून त्यांचे थर एकावर एक रचायची पद्धत आली.

मोटरसायकलचा टायर घेताना पहिली निवड इथेच होते. धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेद देणारे असतील तर तो साधा म्हणजे ‘बायस’ टायर. त्याच्या बाजू कडक असतात, दगडांचा मार आणि सामानाचं ओझं तो सोसतो, आणि स्वस्त पडतो. पण वेगात तो जास्त तापतो. धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ गेलेले असतील तर तो ‘रेडियल’. महामार्गावर तो थंड राहतो आणि बहुधा जास्त चालतो, पण किंमत जास्त. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि डांबर त्याहूनही तापतं. पुणे किंवा विजयपूर रस्त्यावर दर आठवड्याला शे-दोनशे किलोमीटर करणाऱ्याने, गाडीच्या रिमला चालत असेल तर, रेडियलचा विचार जरूर करावा. वर्षातून एकदा डोंगरात आणि एरवी शेताच्या वाटेने जाणाऱ्याला चांगला बायस टायर पुरतो. एक पथ्य मात्र पाळावं: पुढे एका जातीचा आणि मागे दुसऱ्या जातीचा टायर, कंपनीने तशी जोडी सांगितली नसेल तर, लावू नये.

डनलॉप यांनी जुलै १८८८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबरला ते मिळालं. लोक त्या जाडजूड चाकांना हसायचे. मग १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजमध्ये सायकलींच्या शर्यती झाल्या. त्यात विली ह्यूम नावाचा सायकलपटू हवेच्या टायरवर उतरला आणि भाग घेतलेल्या चारही शर्यती जिंकला. त्याच्याकडून हरलेल्यांत डब्लिनचे व्यापारी हार्वे ड्यू क्रो यांची मुलं होती. मुलं हरली म्हणून बाप चिडला नाही. त्याने त्या टायरसाठी कंपनी उभी केली. मला या सगळ्या कथेतला हाच माणूस सर्वांत व्यवहारी वाटतो.

कंपनी सुरू होऊन वर्ष उलटतं न उलटतं तोच मोठा धक्का बसला. हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच, तेवीस वर्षांचा असताना घेतलं होतं! त्याने लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला अशी चाकं लावून दाखवलीही होती. डनलॉप यांना याचा पत्ताही नव्हता. त्यांचं पेटंट टिकेना.

मग थॉमसनचं नाव विसरलं का गेलं? ती चाकं चालत होती, टिकतही होती. पण पातळ रबर तेव्हा फार महाग आणि मिळायला कठीण होतं, आणि ज्यांनी ते घ्यावं त्या सायकली अजून आलेल्याच नव्हत्या. थॉमसन शेवटी भरीव रबराकडे वळला. चांगली वस्तू परवडली नाही तर ती चाळीस वर्षं कपाटात पडून राहते.

परवडण्याचा हिशेब करताना आपणही एक चूक करतो: दुकानातली किंमत बघतो, किलोमीटरची बघत नाही. समजा एक टायर ६००० रुपयांचा आहे आणि १०,००० किलोमीटर चालतो. दुसरा ९००० चा आहे आणि १८,००० चालतो. पहिला किलोमीटरला ६० पैसे पडला, दुसरा ५०. (आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, आपल्या गाडीचा मागचा टायर किती चालला, याची नोंद वहीत ठेवली की खरे आकडे मिळतात.) मोठमोठ्या गुट्ट्यांचा, ट्रॅक्टरसारखा दिसणारा टायर रुबाबदार असतो, पण डांबरावर ते गुट्टे वळवळतात, तापतात आणि भराभर झिजतात, ओल्या रस्त्यावर पकडही कमी. काळ्या मातीच्या चिखलात तर कोणताही टायर थोड्याच वेळात मातीने भरतो. ज्याचा बहुतेक प्रवास डांबरावर आहे त्याने जवळजवळ गुट्टे असलेली, मधला पट्टा सलग असलेली नक्षी घ्यावी. दुकानात अशा टायरला ऐंशी-वीस किंवा सत्तर-तीस म्हणतात: पहिला आकडा डांबराचा, दुसरा कच्च्या वाटेचा.

पैसे वाचवायचे म्हणून भाराच्या आकड्यात मात्र तडजोड नको. टायरच्या बाजूला मापाच्या शेवटी एक आकडा आणि एक इंग्रजी अक्षर असतं. आकडा ६५ असेल तर त्या टायरची क्षमता २९० किलो, ७० असेल तर ३३५ किलो. अक्षर वेगाची मर्यादा सांगतं: ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटर, ‘एच’ म्हणजे २१०. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी आकड्याचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तिथेच आणखी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. रबर वापरात नसलं तरी हवेने आणि उन्हाने म्हातारं होतं. सवलतीतला टायर दोन-तीन वर्षं दुकानाच्या दारात उन्हात टांगलेला असेल तर ती सवलत नव्हेच.

पुन्हा डनलॉप यांच्याकडे येऊ. त्यांचा पहिला टायर चाकालाच चिकटवलेला असे. पंक्चर झालं की सगळं उचकटायचं आणि दुरुस्ती करून पुन्हा चिकटवायचं. यावरची युक्ती १८९० साली चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने काढली: टायरच्या दोन्ही काठांत न ताणणारी तार घालायची आणि रिमला मधोमध खोलगट भाग ठेवायचा. एका बाजूचा काठ त्या खोलात ढकलला की दुसरी बाजू रिमवरून निघते. आपला पंक्चरवाला टायरलिव्हर घालण्याआधी पायाने टायर दाबतो, तो नेमका याचसाठी. कंपनीने वेल्चचे हक्क विकत घेतले, आणि डनलॉप यांचं पेटंट गेल्यावरही तगली ती त्यावरच.

ट्यूब की ट्यूबलेस, हा वादही याच काठाशी येऊन थांबतो. ट्यूबलेस टायरमध्ये काठ रिमवर घट्ट बसून हवा अडवतो. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते आणि गाडी थांबवायला वेळ मिळतो. ट्यूब फाटली तर हवा एकदम जाते, आणि दोनशे किलोची गाडी ताशी नव्वदला असताना तसं झालं तर हाडं मोडायला तेवढं पुरतं. पण ज्या रिममध्ये स्पोक आरपार जातात तिथं बहुधा ट्यूब लागतेच. अशा गाडीवाल्याने नवा टायर घेताना ट्यूबही नवीच घ्यावी. थोड्याशा पैशांसाठी ताणलेली जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये कोंबणं हा मला तरी शुद्ध वेडेपणा वाटतो.

आणि हवा. गाडी, स्वार, सामान मिळून मागच्या चाकावर समजा २०० किलो भार आहे आणि टायरमध्ये ३२ पौंड हवा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो दाब. मग रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम ९० चौरस सेंटिमीटरचा, तळहाताएवढा. हवा कमी केली की हा भाग वाढतो, टायर प्रत्येक फेरीला जास्त वाकतो, आत उष्णता साठते आणि थर सुटू लागतात. महागडे टायर लवकर संपतात ते बहुतेक याच कारणाने. हवा जास्त भरली तर मधलाच पट्टा झिजतो आणि प्रत्येक खड्डा कमरेला कळतो. म्हणजे जॉनीचीच गोष्ट पुन्हा. हवा सकाळी, गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना तपासावी. तापलेल्या टायरमध्ये काटा जास्त दाखवतो म्हणून हवा सोडून देणं चुकीचं. मागे माणूस आणि पेट्या असतील तेव्हा पुस्तिकेत वेगळा दाब दिलेला असतो, तो पाळावा.

१८९४ साली म्युनिकमध्ये विक्रीसाठी तयार होऊ लागलेल्या पहिल्या मोटरसायकलीवर हवेचेच टायर होते. पुढच्याच वर्षी डनलॉप कंपनीतून बाहेर पडले. १८९६ मध्ये टेरा हूली नावाच्या धनिकाने ती कंपनी तीस लाख पौंडांना घेतली आणि लगेच पन्नास लाखांना बाजारात आणली. त्या पैशांत डनलॉप यांचा वाटा नव्हता. आपले समभाग त्यांनी आधीच विकले होते. कंपनीने त्यांचं नाव आणि दाढीचा चेहरा तेवढा ठेवला.

डनलॉप डब्लिनला राहिले आणि कापडाच्या एका दुकानाच्या कारभारात लक्ष घालू लागले. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला होता. तो त्यांच्या मृत्यूनंतर मुलीने छापून आणला. ऑक्टोबर १९२१ मध्ये त्यांना सर्दी झाली. तब्येतीला जन्मभर जपलेल्या त्या माणसाचं हे आजारपण थोड्याच दिवसांचं ठरलं. २३ ऑक्टोबरला, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, ते गेले. त्यांना डब्लिनजवळच्या डीन्सग्रेंजच्या दफनभूमीत पुरलं आहे.