सुब्बारावांचे औषध आणि आपले डोळे

पावसाळ्यात नाशिकमध्ये डोळ्यांची साथ आली, की अनेक घरांत मलमाची जुनी ट्यूब शोधली जाते. डोळ्यांच्या मलमांत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या टेट्रासायक्लिन गटातील पहिले प्रतिजैविक म्हणजे ऑरिओमायसिन. ते ज्यांच्या नेतृत्वाखाली आले, ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

१८९५ मध्ये आंध्रातील भीमावरम येथे त्यांचा जन्म झाला. मॅट्रिक ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. स्प्रू या आतड्याच्या विकाराने भाऊ दगावले आणि त्यांना औषधसंशोधनाची ओढ लागली. मद्रासमध्ये वैद्यकीय शिक्षण घेताना खादी वापरल्याने इंग्रज प्राध्यापकाची नाराजी ओढवली. एमबीबीएसऐवजी कमी दर्जाच्या एलएमएसवर समाधान मानावे लागले. १९२३ मध्ये ते बोस्टनला गेले. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत त्यांनी शरीरद्रव्यांतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली.

१९४० मध्ये ते लेडर्ले प्रयोगशाळेत दाखल झाले. तेथे त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केले, हत्तीरोगावरील डीईसी शोधले. मातीतील सूक्ष्मजीवांपासून औषध शोधण्याच्या कामात त्यांनी सत्तरी ओलांडलेल्या बेंजामिन डुग्गर यांना घेतले. त्यातूनच ऑरिओमायसिन मिळाले. १९४८ मध्ये ते जाहीर झाले आणि त्याच ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, सुब्बाराव यांचे निधन झाले.

पुढे या गटातील मलमे खुपरीविरुद्धच्या लढ्यात कामी आली. खुपरीने पापण्या आत वळतात, केस बुबुळाला घासतात आणि दृष्टी जाते. भारताने १९६३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपरी देशातून संपल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केले.

काही देशांत आजही खुपरीसाठी अख्ख्या गावाला ॲझिथ्रोमायसिन देतात. खुपरीचा जंतू त्याला अजून दाद देतो. इथिओपियात मात्र वारंवार वाटपानंतर मुलांच्या नाक-घशातील न्यूमोकोकस जंतूंमध्ये या औषधाला न जुमानण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. वाटप थांबल्यावर ते घटले. म्हणजे डोळ्यांसाठी घेतलेले औषध शरीरातील इतर जंतूंनाही धडा शिकवते.

तिथे निदान आंधळेपण टाळण्याचा मोठा लाभ पदरात असतो आणि मात्रेचा हिशेब ठेवला जातो. पावसाळी साथ मात्र बहुधा विषाणूंची असते. त्यावर प्रतिजैविक चालत नाही. हात धुणे, रुमाल वेगळा ठेवणे आणि दुखणे वाढल्यास किंवा धूसर दिसल्यास नेत्रतज्ज्ञांना गाठणे हाच मार्ग. सुब्बारावांनी मागे ठेवलेले औषध खऱ्या गरजेसाठी राखायला हवे.